रजेवर गेलेला डावा हात

आमचे हे एका छोट्या मासिकात अकॉर्डियनच्या रेकॉर्डिंगवर परीक्षणं लिहितात. वाचणारी मंडळी किती, तर सगळी एकदम घरी आली तरी बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने मावतील. पण ती ह्यांना 'कानसेन' म्हणतात, आणि ह्यांनी नावाजल्याशिवाय त्यातलं कुणी काही विकत घेत नाही. त्यामुळे ह्यांच्या हेडफोनला हात लावायची घरात कुणाची टाप नाही.

गेल्या महिन्यात एका शिंप्याचं रेकॉर्डिंग आलं. मनगट मोडून डावा हात आखडला होता, तो वाजवून वाजवून मोकळा केला, असं त्याने सोबत कळवलं होतं. ह्यांनी ऐकलं आणि लिहिलं, 'उजवा हात गोड. डावा मात्र अजून रजेवर दिसतो.' वाचक खूश झाले. मीही हसले. रेकॉर्डिंग कुणीच घेतलं नाही.

काल सकाळी हे दाढी करायला उठले तेव्हा तेच रेकॉर्डिंग चालू राहिलं होतं. टेबल पुसताना मी हेडफोन सहज डोक्यावर चढवला. उजव्या कानात सूर होते आणि डाव्या कानात चांगला दणदणीत ठेका.

"अहो, ह्या माणसाचा डावा हात तर मस्त वाजतोय!"

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणत हे अर्ध्या गालावर फेस घेऊन आले. अकॉर्डियनच्या दोन्ही बाजूंना माइक लावतात, उजव्या हाताचं उजव्या कानात येतं आणि डाव्याचं डाव्यात, एवढं ह्यांच्या संसारात मलाही कळलंय. ह्यांनी हेडफोन घातला. "डावीकडची वायर गेलीय," म्हणाले. मग काय सुचलं कोण जाणे, काढून उलटा घातला.

"आता?" मी विचारलं.

"आता ठेका येतोय," हे म्हणाले. "सूर गेले."

वायर धडधाकट होती. अलीकडे ह्यांना सगळ्यांचेच डावे हात कच्चे वाटत होते, ते मला आत्ता आठवलं. ह्यांनाही आठवलं असावं, कारण रेकॉर्डिंगच्या कपाटाकडे हे बघेनात.

"तू जेवताना, फिरताना नेहमी माझ्या उजवीकडे का असतेस?"

"डावीकडून बोललेलं तुम्ही मनावर घेत नाही म्हणून. मला वाटलं, नवरा आहे, चालायचंच."

लाजेने ह्यांचा चेहरा एवढासा झाला. "पुढच्या अंकात छपाईची चूक म्हणून टाकू?" असं हळूच विचारलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "त्याच्या हाताला नावं ठेवली ती छापखान्याने का? फोन लावा आधी."

फोन स्पीकरवर होता. ह्यांचं नाव ऐकताच शिंपी अदबीने बोलायला लागला.

"साहेब, तुमचंच बरोबर. मीही परत ऐकलं. डावा हात कमीच पडतो, मला उगाच वाटत होतं की वाजतोय. संध्याकाळी एक जण येणार आहे अकॉर्डियन विकत न्यायला."

"नाही हो!" हे जवळजवळ रडकुंडीला आले. "तुमचा हात उत्तम आहे. माझाच डावा कान गेलाय."

"माझं मन राखायला असं बोलू नका, साहेब. तुमच्या कानाबद्दल कोण शंका घेईल?"

आता ह्याला काय म्हणावं? ह्यांनी स्पीकर बंद केला. "फोन डाव्या कानाला धरतोय," म्हणाले. "काहीही विचारा. मला उत्तर देता येतं का बघा."

आणि बसले. भुवया आवळून, श्वास रोखून, अगदी मनापासून ऐकत बसले. गालावरचा फेस वाळून गेला होता. फोनमधून बारीक आवाज येऊन थांबला, पुन्हा आला. तरी मी मध्ये पडले नाही.

शेवटी ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "बोलले का ते?"

मी डावीकडे गेले, फोनला कान लावून ऐकलं, आणि वळसा घालून पुन्हा उजवीकडे आले.

"केव्हाचे विचारतायत," मी म्हटलं. "त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगू का?"