निरंक चालत नाही

"खरं सांगा, प्रोजेक्टला कुणी कुणी एआय वापरलं? हात वर करा."

रामलिंग सरांनी असं विचारल्यावर अख्खा वर्ग बाकाकडे बघायला लागला.

"सर, माझ्याकडं तर नेटपॅकच न्हाई," हरिओम म्हणाला. "म्या आमच्या म्हशीला इचारून लिहिलंय."

वर्ग हसला. सरही हसले. हरिओमचा प्रोजेक्ट नांदेडातल्या, पैसे घेऊन एआयनं प्रोजेक्ट काढून देणाऱ्या एका सेंटरवर तयार झाला होता, हे सगळ्यांनाच माहीत. विषय अर्धापूरची केळी. त्यात एक वाक्य होतं, 'समुद्रकिनारा जवळ असल्याने येथील हवामान केळीस पोषक आहे.'

"हे बघा, खरं सांगणाऱ्याला शिक्षा नाही. मदत आहे. गेटजवळच्या बोर्डावर नियम लिहिलाय. आणि मी शब्द देतो."

तेव्हा एक हात वर गेला. ऋतुजाचा.

ऋतुजा तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादची. आई लक्ष्मम्मा मिरचीची देठं खुडायला जाते. ऋतुजानं प्रोजेक्ट त्याच बायकांवर केला होता. विषय सरांनीच सुचवलेला.

"मी वापरलं, सर. बायका तेलुगूत बोलल्या. मला कळतं सगळं, पण त्याचं पुस्तकातल्यासारखं मराठी करता येईना. मग रेकॉर्डिंग एआयला देऊन मराठी करून घेतलं. बाकी सगळं माझंच हाय."

"शाब्बास. प्रोजेक्टसोबतच्या घोषणापत्रात असंच लिही. काही होणार नाही तुला."

हरिओम मागून कुजबुजला, "गेली ही."

रामलिंग सर समाजशास्त्र शिकवतात. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि दर जूनला नेमणुकीची नवीन ऑर्डर. त्यांची मुलगी शाळेत जायला लागली तरी सर अजून तासिकेवरच. कायम प्राध्यापकांना जे काम नको असतं ते त्यांच्याकडे येतं. तसाच 'विद्यार्थी मदत कक्ष' त्यांच्याकडे आला. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. आत एक टेबल आणि क्रीडा विभागाचे फुटके कॅरमबोर्ड. पण सरांनी खोली झाडून घेतली, दारावर स्वतः पाटी लावली. त्यांना ते काम खरंच आवडायचं.

एप्रिलमध्ये प्राचार्य शरदचंद्र सरांनी त्यांना बोलावलं. चहा मागवला. चहा आला की रामलिंग सर सावध व्हायचे.

"रामलिंग, तपासणी समिती येतेय. कॉपी आणि एआयच्या केसेस किती, कारवाई काय, सगळं विचारतात. मागच्या वर्षी आपण निरंक दिलं. तर म्हणाले, एवढ्या मोठ्या कॉलेजात एकही केस नाही? म्हणजे तुम्ही तपासतच नाही. यंदा निरंक चालत नाही."

"सर, हरिओमच्या प्रोजेक्टमध्ये अर्धापूरला समुद्र आहे."

"त्यानं लिहून दिलंय, वापरलं नाही म्हणून. सिद्ध कोण करणार? सगळ्यांनीच तसं लिहून दिलंय. एकीनंच कबूल केलंय."

"तिनं नुसतं भाषांतर केलं, सर. बोर्डावर नियम आहे. आणि मी शब्द दिलाय तिला."

"बोर्ड बघायला असतो. शब्द तुम्ही दिलाय. कॉलेजनं नाही दिला." प्राचार्य कपात बघत म्हणाले, "बरं, जूनच्या ऑर्डरची यादी करतोय. तुमचं नाव आहेच. सहज सांगितलं."

ऋतुजाची सुनावणी लागली. सुनावणीला पालकांना बोलवायचं असतं. लक्ष्मम्मा पहिल्यांदाच कॉलेजात आली. पोरीचा काहीतरी सत्कार आहे अशी तिची समजूत. हातात पिशवी होती. ती तिनं रामलिंग सरांसमोर टेबलावर ठेवली.

"सार, मिरची. चांगली हाय. तुमी लई केलं पोरीचं."

सरांनी पिशवी टेबलाखाली सरकवली.

प्राचार्य म्हणाले, "या बायका खरंच आहेत, की त्याही एआयनं तयार केल्या?"

ऋतुजानं फोन काढून रेकॉर्डिंग लावलं. तेलुगू बोलणाऱ्या बायका. एक शिंकली, मग दुसरी, मग सगळ्याच. मिरचीच्या ढिगाजवळ बसलं की शिंका येतातच. सुनावणीला बसलेले दोन प्राध्यापक हसले. लक्ष्मम्माला त्यात आपला आवाज ऐकू आला. ती लाजली आणि पदर तोंडाला लावून बसली.

"बंद कर," प्राचार्य म्हणाले. "यातलं आम्हाला काय कळणार? कुणीही तपासू शकत नाही, असा पुरावा काय कामाचा?"

"मी सांगते की, सर. एकेक वाक्य सांगते. ही माझी आईच बोलायलीय. बोटांची आग रात्रभर जात न्हाई म्हणतेय."

"तू सांगशील ते तुझ्या सोयीचं."

ऋतुजानं रामलिंग सरांकडे बघितलं.

"सर," रामलिंग सर म्हणाले, "मीच सांगितलं होतं तिला, खरं बोल म्हणून."

"मग चांगलंच केलंत. त्यामुळेच केस सापडली."

ठराव आधीच टाइप झाला होता. प्रकल्पात शून्य. पुढच्या वर्षी परत करायचा, तोवर पदवी नाही. खाली ओळ होती, 'विद्यार्थी मदत कक्षाच्या शिफारशीवरून.' सहीसाठी पेन पुढे सरकवलं गेलं.

"सर, मी लातूरला बीएड करणार होते," ऋतुजा हळू आवाजात म्हणाली. "सीईटी झाली माझी. तुमीच म्हणले होते ना, काही होणार न्हाई."

सरांनी सही केली. घाईत, बाहेर कुणी थांबल्यासारखी.

"एमन्नारु?" लक्ष्मम्मानं विचारलं. काय म्हणाले?

"एम् लेदम्मा," ऋतुजा म्हणाली. काही नाही, आई.

लक्ष्मम्मा उठली. प्राचार्यांना हात जोडले. रामलिंग सरांना जास्त वाकून जोडले.

जूनमध्ये सरांची ऑर्डर निघाली. तपासणी समितीनं 'प्रभावी अंमलबजावणी' असा शेरा दिला म्हणतात. हरिओम चांगल्या मार्कांनी पास झाला. जाताना सरांना पेढे देऊन गेला. "सर, समुद्राचं आमच्या म्हशीनंच सांगितलं होतं," म्हणाला. सरांनी पेढा खाल्ला.

नवी बॅच आली. प्रकल्पाच्या तासाला ऋतुजाला परत बसावं लागतं. ती शेवटच्या बाकावर बसते. शेजारी देविका नावाची मुलगी, नायगावहून एसटीनं येणारी. नवीन आहे. सगळं वहीत उतरवून घेते.

पहिला आराखडा जमा झाला, त्या दिवशी सरांना नियमाप्रमाणे विचारावं लागलं. या वेळी आवाज बारीक होता.

"एआय कुणी वापरलं?"

सगळी डोकी बाकाकडे. देविकानं मात्र सरांकडे बघितलं आणि हात उचलला. अर्ध्यापर्यंत आला असेल, तेवढ्यात ऋतुजानं तिचं मनगट धरलं. जोरात नाही. हळूच खाली आणलं, आणि सरांच्या डोळ्यांत बघत राहिली.

सरांनी ते बघितलं.

"निरंक," ते म्हणाले आणि शिकवायला लागले.

तास संपेपर्यंत देविकाचा हात बाकाखाली होता. त्यावर ऋतुजाचा.