मुठीचा डबा

मित्रांनो, माझ्या अंगावरचा गंज पाहून तोंड फिरवू नका. मी पत्र्याचा साधा डबा. ठाण्यात, वर्तकनगरच्या एका स्वयंपाकघरात, फ्रिजच्या माथ्यावर माझा मुक्काम. माझ्या झाकणावर खिळ्याने कोरलेला एक लहानसा क्रूस आहे. बोट फिरवलंत तर अजूनही लागेल.

माझा जन्म कल्याणचा. गोविंदा पत्रेवाल्याने तेलाचा रिकामा डबा कापला, ठोकला, कडांना डाख दिला, आणि मला रूप आलं. नव्या संसाराची भांडी घ्यायला आलेल्या सरोजबाईने मला उचलून कानाशी वाजवून पाहिलं.

"साखरेला घेताय काय, वैनी?" गोविंदाने विचारलं.

"नाही हो. मुठीला."

"मुठीला?"

"आमच्या आईकडची रीत आहे. भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे, प्रभूच्या नावाने. ज्याची चूल पेटली नाही, त्याच्यासाठी."

गोविंदाने हातोडी पुन्हा हातात घेतली. मग त्याने मला परत मागून घेतलं. "थांबा. झाकण घट्ट करून देतो. देवाच्या धान्याला मुंगी लागायला नको."

अशा रीतीने मी डोंबिवलीच्या चाळीत आलो. सरोजबाईचा नवरा वसंत कारखान्यात कामाला होता. पहिल्याच संध्याकाळी त्याने खिळा घेऊन माझ्यावर क्रूस कोरला. तो जरा तिरका आला, म्हणून सरोजबाई खूप हसली. ते हसू मी आत जपून ठेवलं आहे.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. आधण ठेवण्याआधी सरोजबाई माझं झाकण काढी, मूठ रिकामी करी आणि गुणगुणे. तिची आई नगरकडे जात्यावर गायची, त्या चालीत.

मूठ काढते मी आधी, मग ठेवते आधण,
उपाशी गं ज्याचं घर, तिथं प्रभूचं जेवण.

लेक नयन पाटावर उभी राहून हट्ट करी, "मी टाकणार! माझी मूठ लहान आहे, म्हणून मी दोनदा टाकणार." तिचे निम्मे तांदूळ जमिनीवर सांडत. चिमण्यांची चैन होई.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी सरोजबाईच्या कडेवर बसून चर्चला जात असे. तिथे दाराशी मोठं पिंप असे. कुणाचे जाडे तांदूळ, कुणाचे रेशनचे, कुणाचे वासाचे. एकदा पिंपात पडले की कुणाचे कोणते, ते कुणालाच ओळखता येत नसे. देताना गवगवा करायचा नाही, ही तिथली शिकवण. मग बायका पिशव्या भरून गरजेच्या घरी पोचवत. जात-धर्म कुणी विचारत नसे.

शेजारच्या रखमाबाईच्या नवऱ्याचं काम सुटलं, तेव्हा सरोजबाई पदराखाली पिशवी घेऊन गेली. मीही तिच्या दुसऱ्या काखेत होतो. रखमाबाई कोकणातली, मानी बाई. ती दारातच अडून उभी राहिली.

"नको गो सरोजताई. लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगायला मी आलेय का? घे. माझं नाही हे, देवाचं आहे. देवाकडून घ्यायला कसली लाज?"

रखमाबाईने पिशवी घेतली. त्या दुपारी भिंतीपलीकडून भाताचा वास आला आणि सरोजबाईने डोळे मिटून हात जोडले.

एका वर्षी कापणीच्या सणाला चर्चच्या पाळकसाहेबांनी मला उचलून सगळ्या मंडळीला दाखवलं. "हा डबा पाहा. हा कधी रिकामा आला नाही." सगळ्या माना वळल्या. मी ऊन पडल्यासारखा चमकलो. सरोजबाईने मात्र मान खाली घातली. मित्रांनो, कौतुकालाही वजन असतं. ते तिला पुढे किती जड जाणार आहे, हे तेव्हा मला कळलं नाही.

दिवस फिरले. वसंत आजारी पडला, आणि गेला तो साठवलेलं सगळं घेऊनच. नयन लग्न होऊन वर्तकनगरला गेली. सरोजबाई साड्यांना फॉल लावून पोट भरू लागली. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुई दिसेनाशी झाली, साड्या येणं थांबलं.

नयनचा फोन यायचा. "आई, काही हवंय का?"

"मला एकटीला काय लागतं गं? सगळं आहे."

भिंतीपलीकडून रखमाबाई हाक मारायची. "सरोजताई, जेवलात काय?"

"हो हो, आत्ताच."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. बोलताना ती माझ्याकडे पाठ करायची.

तांदळाचा मोठा डबा माझ्या शेजारीच होता. त्याचा तळ खरवडल्याचा आवाज मी रोज ऐकत होतो. तरीही माझी मूठ आधी निघे. उरलेल्याची पातळ पेज. पुढे पुढे पेजेत शितं कमी आणि पाणी जास्त.

एका सकाळी शेजारच्या डब्यात काहीच उरलं नाही. सरोजबाईने माझं झाकण काढलं. हात आत घातला. मूठ भरली. मला वाटलं, आता आधण चढेल. ती मूठ माझ्या काठावर थांबली. मग तिने बोटं सैल केली आणि दाणे परत माझ्यात पडले.

"दिलेलं आहे ते," ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्याला "लाज कसली" म्हणणारी माझी सरोजबाई. जो डबा कधी रिकामा गेला नाही, त्याच्या धनिणीने पिंपाच्या पलीकडे, घेणाऱ्यांच्या बाजूला, उभं कसं राहायचं? मी ओरडायला हवं होतं. पण पत्र्याला तोंड असतं, जीभ नसते.

साध्या तापाचं निमित्त झालं. अंगात झुंजायला काही उरलं नव्हतं.

आईला माती देऊन परतल्यावर नयनने चहासाठी साखर शोधली. एक डबा उघडला, दुसरा उघडला. सगळे रिकामे. शेवटी माझं झाकण काढलं. मी काठोकाठ भरलेला होतो. मला पोटाशी धरून ती जी खाली बसली, ती पाळकसाहेबांनी हाक मारली तरी उठली नाही.

ती मला इथे घेऊन आली, पण पिंपात ओतायचा तिला धीर झाला नाही. आईचे शेवटचे तांदूळ म्हणून मला तिने फ्रिजवर ठेवलं. रोज पुसायची. उघडायची मात्र नाही. आणि माझ्या आत, मित्रांनो, कुणाच्याच पोटात न गेलेलं ते दान किडत होतं.

वर्षाच्या आठवणीच्या प्रार्थनेला रखमाबाई आली. तिने सरळ माझं झाकण उघडलं.

"अगो बाय माझे! टोके झालेत की!"

"राहू दे मावशी. आईचे आहेत."

"आईचे कसले? देवाचे आहेत. दाराशी येऊन तिनेच मला सांगितलंन. सूप आण."

ती गॅलरीत बसली. पाखडलं, टोके वेचले, पेपरावर उन्हात पसरलं. वेचता वेचता तिचे डोळे वाहायला लागले. "मी रोज विचारायची, जेवलात काय. ती हो म्हणायची नि मी गप बसायची. एकदा आत येऊन टोपावरचं झाकण उचललं असतं, तर!"

"मी तर लेक होते, मावशी," नयन म्हणाली. तीही शेजारी बसून टोके वेचू लागली.

रखमाबाईने त्यातलाच भात रांधला. वास थोडा जुना होता. तिने पहिलं ताट नयनपुढे ठेवलं.

"आधी कुणाला तरी देऊ या ना."

"उरलेले तांदूळ रविवारी पिंपात ओत. पण आधी तू खा. तुझ्या आईला तेवढंच जमलं नाही."

नयनने घास घेतला. मग दुसरा.

आता मी पुन्हा चर्चला जातो. रोज एक मूठ माझ्यात पडते. मित्रांनो, मला जरूर भरत राहा. पण भरणाऱ्या हाताकडेही एकदा पाहा, तो वाळत तर नाही ना? "जेवलात का" विचारून दारातून परतू नका, आत जा. आणि कधी तुमच्यावर वेळ आलीच, तर माझ्यात हात घालायला लाजू नका.

त्या सकाळी माझ्यात परत पडलेल्या दाण्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. तो पुन्हा कुठल्या डब्याला ऐकावा लागू नये.