कॅशलेस काउंटरवरचा फलक

मी एक जुना फलक आहे. मित्रांनो, फलक म्हटला की तुम्हाला शाळेचे नाव आठवेल, नाहीतर 'येथे थुंकू नये' आठवेल. माझे काम जरा वेगळे होते. वसईतल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या दुकानाशेजारी कॅशलेस काउंटर आहे. त्याच्या भिंतीवर मी तेरा वर्षे टांगलेला होतो. 'खालील विमा कंपन्यांची कॅशलेस सुविधा येथे उपलब्ध आहे' असे माझ्या कपाळावर लिहिलेले होते आणि त्याखाली अकरा कंपन्यांची नावे होती.

माझा जन्म सातिवलीचा. एका गाळ्यात आत्माराम नावाचा कारागीर फलक बनवत असे. त्याने पांढरा पत्रा कापला, निळी अक्षरे चिकटवली, फडक्याने दाबून त्यांच्यातली हवा काढली आणि मला टेम्पोत चढवले. त्याचा गाळा धुळीचा आणि गोंगाटाचा होता, पण हात स्वच्छ होता. माझे एकही अक्षर वाकडे नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

कॅशलेस म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यात करार होतो. मग रुग्णाने फक्त कार्ड दाखवायचे. कागद रुग्णालय पाठवते, पैसे कंपनी परस्पर भरते. करार मोडला की विमा काही जात नाही, पण आधी सगळा खर्च स्वतः करायचा आणि नंतर कंपनीकडे मागत बसायचे. ऐकायला फरक छोटा वाटतो. ज्याचे जळते त्याला कळते.

लोक माझ्यापुढे येत, बोटाने एकेक ओळ वाचत, आणि आपल्या कंपनीचे नाव सापडले की त्यांचे खांदे सैल पडत. तेरा वर्षांत हे मी इतक्या वेळा पाहिले की पुढे त्याचे काही वाटेनासे झाले. मला कोणी पुसायचे नाही. वर्षातून एकदा, दसऱ्याला, माझ्यावर झेंडूची माळ चढे आणि ती पार वाळून काथ्या होईपर्यंत तशीच राही.

काउंटरवर ब्रेंडा बसायची. गावातलीच मुलगी. फोन खांद्यात धरून एका हाताने टाइप करणारी आणि दुसऱ्या हाताने लोकांना 'बसा, बसा' म्हणणारी. कामाला वाघ, पण तिच्या टेबलावर कागदांचा डोंगर.

निर्मळ गावाहून आग्नेल यायचे. त्यांची केळीची आणि मोगऱ्याची वाडी होती. बाजार उरकला की स्कूटर बाहेर लावून ते आत येत, ब्रेंडाच्या टेबलावर केळ्यांची फणी ठेवत आणि माझ्यासमोर उभे राहत. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे ग्लेनच्या ऑफिसने आईवडिलांचा विमा काढला होता. त्या कंपनीचे नाव माझ्या चौथ्या ओळीत होते.

"अंकल, दर वेळी काय वाचता? फोन करून विचारा की," ब्रेंडा म्हणायची.

"फोनवर कोण काय बोलेल त्याचा नेम नाय. लिवलेलं ते लिवलेलं," आग्नेल म्हणत.

मला ते वाक्य आवडायचे. आता आवडत नाही.

त्यांच्या पत्नी फ्लॉसीबाई. चाळीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. ब्रेंडाही त्यांच्याच हाताखाली चौथी पास झाली होती. बाईंचा उजवा खुबा झिजला होता. अंगणातल्या तुळशीच्या कुंड्यांपासून ओट्यापर्यंत जायलाही त्यांना भिंत धरावी लागे. शस्त्रक्रिया करून घ्या, असे डॉक्टर तीन वर्षे सांगत होते आणि बाई तीन वर्षे 'बघू' म्हणत होत्या. त्यांना भीती वाटायची, आणि तसे त्या सरळ बोलून दाखवत. शेवटी डिसेंबरात एकदाच्या हो म्हणाल्या. डॉक्टरांनी अठरा तारीख दिली.

"नाताळ झाल्यावर," बाई म्हणाल्या. "घर पाव्हण्यांनी भरलेलं, आणि मी पलंगावर? नाय जमायचं." डॉक्टरांच्या वहीत पाच जानेवारी लिहिली गेली. ती वही वरच्या मजल्यावर असायची. ब्रेंडाचे काउंटर खाली, त्यामुळे तिला याचा पत्ताच नव्हता.

त्याच आठवड्यात रुग्णालय आणि चौथ्या ओळीची कंपनी यांचे दरांवरून बिनसले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे तिसरा म्हणजे रुग्ण, आणि त्याला लाभ झालेला मी तरी पाहिला नाही. ब्रेंडाने एक कागद छापला: 'या कंपनीची कॅशलेस सुविधा ३१ डिसेंबरपर्यंतच. त्याआधी दाखल होणाऱ्यांना अडचण नाही.' तो तिने माझ्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर चिकटवला. माझी चौथी ओळ मात्र तशीच ठेवली. चिकटवलेले अक्षर सोलायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ कोणाला होता?

मग नाताळ आला. तुम्ही वसईचे असाल तर तुम्हाला माहीत आहे, इथे नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, नुसता मांडत नाहीत, त्यासाठी जीव टाकतात. रुग्णालयातही काउंटरशेजारी गोठा झाला. गवत आले, भुसा आला, आरशाच्या तुकड्याचे तळे झाले. वर एक भलामोठा कागदी तारा हवाच. भिंतीला रिकामा खिळा एकच होता, माझ्या उजव्या बाजूचा. ब्रेंडाने स्टुलावर चढून तारा त्याला बांधला. तारा सुंदर होता. तो बरोबर त्या कागदावर लोंबत होता.

तेवीस तारखेला आग्नेल आले. ब्रेंडा जेवायला गेली होती. त्यांनी केळी ठेवली आणि चौथ्या ओळीवर बोट फिरवले. नाव जागेवर होते. गोठ्यापुढे त्यांनी हात जोडले, कपाळावर क्रूसाची खूण केली आणि निश्चिंत मनाने घरी गेले. मी तसाच लटकून राहिलो. फलकाला तोंड नसते, हे कारण खरे आहे, पण त्याने माझे समाधान झालेले नाही.

पाच जानेवारीला सकाळी फ्लॉसीबाई आल्या. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या, मांडीवर कपड्यांची पिशवी, हातात जपमाळ. आग्नेलनी कार्ड पुढे केले. ब्रेंडाने ते पाहिले आणि तिचा चेहरा पडला.

"अंकल, ही कंपनी एक तारखेपासून बंद झाली आपल्याकडे."

"बंद कशी? पाटीवर नाव हाय ना!"

"खाली कागद लावला होता..." ब्रेंडा उठली आणि तारा बाजूला केला. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत तारा काढायचा नाही, म्हणून तो अजून तिथेच होता. कागद त्याच्यामागे होता, कोरा करकरीत, कोणीही न वाचलेला.

ग्लेनला फोन लागला. "पप्पा, आधी आपण भरू, मग क्लेम करू," तो म्हणाला. पण तेवढी रक्कम एका दिवसात उभी करणे त्यांच्या आवाक्यात नव्हते, हे बापलेक दोघांनाही ठाऊक होते. आग्नेलनी पत्नीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल घरी. मागाहून बघू."

'बघू' हा शब्द ऐकताच बाईंची मान वर झाली.

"मी आज घरी गेले, तर पुन्हा निघायची नाय," त्या म्हणाल्या. "तीन वर्षांनी धीर गोळा केलाय, आग्नेल. तो दुसऱ्यांदा येत नाय." मग ब्रेंडाकडे वळून, "माझी कंपनी कुठे चालते ते बघ. आत्ताच्या आत्ता."

ब्रेंडाने रडत रडत फोन फिरवले. तिसऱ्या फोनला विरारचे एक रुग्णालय निघाले. गुरुवार मिळत होता, पण डॉक्टर नवीन, आर्या नावाची तरुण मुलगी. बाईंनी फोन हातात घेतला.

"बाळा, तुझ्या हाताखालून किती खुबे गेले?"

"दोनशेच्या वर, आजी."

"मग अजून एक धर."

फोन परत देताना त्यांनी ब्रेंडाच्या टेबलावरचा लाल मार्कर उचलला. खुर्चीचे दांडे धरून, दात आवळून त्या उभ्या राहिल्या आणि माझ्या चौथ्या ओळीवर आडवी, सरळ रेघ मारली.

"ब्रेंडा, चुकीचं लिवलेलं काय करायचं, असं शिकवलेलं मी?"

"खोडायचं, बाई."

"आनि तू शेजारी बरोबर लिवून चूक तशीच ठेवलीस."

मला प्रथमच लाज वाटली. माझी अक्षरे सरळ आहेत म्हणून मी तेरा वर्षे मिरवत होतो, ती खरी आहेत का, हे मी एकदाही मनात आणले नव्हते.

मित्रांनो, पुढच्याच महिन्यात मला उतरवले. आता मी ब्रेंडाच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून, भंगारवाल्याची वाट बघत उभा आहे. माझी तक्रार नाही. एकच मागणे आहे. तुमच्या शाळेत, सोसायटीत, दुकानात माझ्यासारखा कोणी टांगलेला असेल, तर त्याला नुसते पुसू नका. महिन्यातून एकदा तो वाचा. जे खरे राहिले नाही ते काढून टाका, आळस करू नका. आमच्यावर बोट ठेवून कोणीतरी घरी जात असते.

काल दुपारी काउंटरशी काठी वाजली. फ्लॉसीबाई होत्या. काठी हातात होती, पण भार पायांवर होता. मला आनंद झाला, फार झाला. नव्या फलकासमोर उभ्या राहून त्यांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, सगळ्या वाचल्या.

"ही सगळी खरी?"

"आज सकाळीच एकेकाला फोन करून विचारलं, बाई," ब्रेंडा म्हणाली.