अकराशे नावं आणि दोन हंडे

आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यातल्या अकराशे माणसांची नावं, पासवर्ड, कोणी कुठली फाइल उघडायची, हे सगळं एकाच जुनाट सर्व्हरला ठाऊक होतं. त्याचा जोडीदार सर्व्हर आदल्याच आठवड्यात उष्म्यानं गेला होता. चार वर्षं मी नवे सर्व्हर मागत होतो. ते आले २०१३च्या मे महिन्यात, हाही आचके देऊ लागल्यावर. नव्या दोघांना जुन्याकडूनच सगळी नावं उतरवून घ्यायची होती. मध्येच तो मेला की संपलं. बॅकअपची टेप वाचली जात नव्हती, आणि ती तपासायचं काम माझंच होतं.

सकाळी अकराला उतरवणं सुरू केलं. बाराला एसी बंद पडला. तो पाण्यावर चालायचा आणि दुष्काळाच्या कपातीत टाकी कोरडी होती. मी कॅन्टीनमधला कूलर ओढत आणून सर्व्हर रूमच्या दारात लावला. या खोलीत ओला वारा सोडणं शुद्ध गाढवपणा, पण दुसरं काय करणार? त्यातही पाणी नव्हतं. टँकरवाला फोन उचलेना. आमचे मॅनेजर हेमचंद्र सर पुण्याहून सारखे विचारत होते, "केयूर, किती झालं?" निम्मंच झालं होतं. जुन्याचा लाल दिवा लागला आणि मला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

झाडलोट करणाऱ्या कस्तुराबाई दारात आल्या. "लई तापलंय का त्ये, साहेब?"

"पाणी पाहिजे हो. कुठंय का?"

"जिन्याखाली माझे दोन हंडे हायेत. सकाळी भरलेले."

घरी न्यायला कंपनी रोज देई, तेच ते पाणी. गावात टँकर आठवड्यातून एकदा येतो, हे मला माहीत होतं. तरी मी "आणा" म्हणालो. घरी काय कराल, एवढंसुद्धा विचारलं नाही. दोन्ही हंडे कूलरमध्ये ओतले.

दोनला काम झालं. नव्या दोन्ही सर्व्हरवर नावं मोजली, सगळी होती. तीनला जुना बंद पडला तो उठलाच नाही. सरांनी शाबासकी दिली.

पाचला कस्तुराबाई हंडे न्यायला आल्या. पडद्यावरची यादी बघत म्हणाल्या, "समद्यांची नावं वाचली म्हणायची. माझं बी गेलं ना त्यात?"

त्या ठेकेदाराकडच्या. त्यांचं नाव जुन्यातही कधी नव्हतं.

"हो," मी म्हणालो. लाज वाटली, पण म्हणालो.

"बरं झालं," म्हणत त्यांनी एक हंडा डोक्यावर, एक काखेत घेतला. दोन्ही किती सहज उचलले त्यांनी.