दंडावरचा वण आणि मुकादमाचा हुकूम

मंडळी, त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यातला मुकादम असा गरजायचा की दोरीवरच्या चादरी भीतीनेच आपली घडी घालून घ्यायच्या. खोटं वाटत असेल तर घडीबाईला विचारा. बारा वर्षं ती तिथे घड्या घालत होती, आणि त्यातल्या निम्म्या, तिच्या म्हणण्याप्रमाणे, मुकादमाच्या आवाजानेच घातल्या होत्या.

त्या सकाळी मात्र तिला हसू आलं नाही. खोकल्याच्या साथीने छातीचा वॉर्ड भरला होता. मळक्या चादरींचे गठ्ठे पार दारापर्यंत आले होते. मास्क थोडेच उरले होते आणि त्यांच्या कपाटाला कुलूप होतं. मुकादम वर्तमानपत्र नाचवत आला.

"बाह्या वर करा सगळ्यांनी! लहानपणी क्षयाची लस टोचली, तिचा वण दाखवा. हा बघा माझा! पेपरात आलंय, त्या जुन्या लसीने छातीचे बाकीचे आजारही अडतात. वण असेल त्याने छातीच्या वॉर्डचे गठ्ठे मास्क न लावता सोडायचे. मास्क फक्त वण नसलेल्यांना!"

घडीबाईच्या दंडावर वण होता, चांगला बटणाएवढा. आणि घरी दम्याने बेजार झालेले सासरे होते. मागच्या खोकल्यात त्यांना चार दिवस प्राणवायू लावावा लागला होता. ही साथ आपणच घरी नेली तर?

तिने बाही खाली ओढली. "मी नाही जायची."

"का? वण काय हौसेने गोंदवून घेतलास?"

हशा पिकला. तशा सिस्टरमावशी पुढे आल्या. जन्मभर लसी टोचून निवृत्त झालेल्या, आता फाटक्या चादरी शिवायला येणाऱ्या. त्यांचा हात एवढा हलका, की टोचून झाल्यावर पोरं विचारायची, "कधी टोचणार?"

"मुकादमा, अर्धीच बातमी वाचलीस तू," त्या म्हणाल्या. "ती लस शरीरातल्या पहारेकऱ्यांना तालीम देते, मग दुसराच चोर आला तरी ते चटकन उठतात, असं काही अभ्यासांत दिसलं. काहींत काडीचाही फरक दिसला नाही. शोध अजून चालू आहे. आणि आपले वण केव्हाचे? ती तालीम अंगात उरली की नाही, हे वण सांगतो होय?"

"पण थोडा तरी उपयोग होत असेल ना?"

"असेलही! म्हणून आमचे मास्क काढून घेणार?" घडीबाईचा आवाज चढला. "वण तुमच्याही दंडावर आहे, साहेब. या, पहिला गठ्ठा तुम्ही सोडा. मास्क न लावता!"

धुलाईची यंत्रंसुद्धा गप्प झाली म्हणतात!

मुकादम तावातावाने गेला, गठ्ठ्यावर वाकला, आणि त्याचा हात आपसूक नाकावर गेला.

"बघा!" घडीबाई म्हणाली. "हाताला कळतंय, तोंडालाच कळेना!"

मुकादम लाल झाला. मग त्याने कपाट उघडलं, मास्क तिच्या हाती दिला. "चुकलं माझं," एवढं मात्र तो हळू बोलला. लगेच फोन उचलून भांडारावर असा गरजला, की दुपारच्या आत मास्कची खोकी आली. त्याची गर्जना पहिल्यांदाच योग्य दिशेला गेली होती!

मंडळी, जुन्या लसींचे उपकार आहेतच. त्यांचे आणखी गुण सापडले तर आनंदाने स्वीकारावेत. पण विज्ञान जिथे "कदाचित" म्हणतं, तिथे साहेबाने "नक्की" म्हणून दुसऱ्याचा जीव पणाला लावला, तर बाही खाली ओढावी आणि ठणकावून "नाही" म्हणावं!