कोठीतले लाल मासे

परंड्याच्या जहागीरदारांची कोठी संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली आणि दोन म्हाताऱ्या बहिणींचं लहानपणापासूनचं भांडण पुन्हा पेटलं.

थोरली कडूबाई येडशीला अंथरुणाला खिळलेली. धाकटी केशरबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, आणि तोंडाची अशी सडेतोड की डॉक्टरसुद्धा वचकून असत. भांडण होतं आईवरून. त्या काळी आई कोठीच्या मागच्या बोळात पालापाचोळा झाडायची. आत पाऊल टाकायची यांच्या वस्तीतल्या माणसांना बंदी होती, आणि भिंत दोन पुरुष उंच. तरी भाकरी थापता थापता आई आतल्या बागेचं वर्णन करायची. मोर, पितळी कड्यांचा झोका आणि पाण्यात पळणारे लाल मासे. कडूबाईला ते सगळं खरं वाटायचं. केशरबाई म्हणायची, आई थापा मारायची. म्हणायची खरी, पण म्हटल्यावर तिचाच जीव खट्टू व्हायचा. आपली आई खोटं बोलायची, हे कुणाला गोड लागतं?

"जा, डोळ्यांनी बघून ये," कडूबाई म्हणाली. "खोटं निघालं तरी सांग. डोळं मिटायच्या आधी मला कळाया पायजे."

म्हणून कडूबाईची नात वृषाली हिला घेऊन केशरबाई कोठीच्या मोठ्या दरवाजातून आत शिरली. बघायची हौस तर अशी की विचारू नका. खुर्चीवर बसू नये अशी पाटी होती, तर बाईंनी वाकून खुर्ची खालून पाहिली. अत्तरदाणीला नाक लावलं. माहिती सांगणारा शिवशंकर नावाचा तरुण दोनदा खाकरला, पण ऐकतंय कोण?

ओसरीत झोका होता. पितळी कड्यांचाच.

"बघा आजी!" वृषाली टाळी वाजवून म्हणाली.

केशरबाईनं झोक्याला हात लावला. कर्रर्र! "ह्यो आवाज तर बोळात बी जात आसंल. आईनं कानानं वळखलं. मोर बी तसाच, वरडतोय की त्यो. पर मासा काय वरडतो व्हय? मासं हायत का बोल."

बाग निजामाच्या काळात होती तशीच पुन्हा लावली होती. डाळिंब, मोगरा, मधोमध हौद, आणि हौदापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत गेलेला फरसबंदी पाट. पाटातून वीतभर पाणी खळखळत होतं.

"यात मासं व्हते का?" तिनं शिवशंकरला विचारलं.

"नाही मावशी. एवढ्या उथळ पाण्यात मासे कुठले? तळाशी त्या काळापासूनच ही लाल चिनी मातीची पानं बसवलीत, तेवढीच शोभा. जास्तीचं पाणी त्या मोरीतून बोळात जातं."

केशरबाईनं वाकून पाहिलं. पानंच होती. देठासकट. आयुष्यभर आपण जे म्हणत आलो ते खरं निघालं, पण तिला रडू आलं. आता आक्काला काय सांगायचं?

पण चौकस माणसाचा पाय असा निघत नाही. पाणी बोळात जिथं पडतं ती जागा तरी बघू, म्हणून ती वळसा घालून मागं गेली. मोरीचं भोक भिंतीच्या अगदी बुडाशी होतं, सुपाएवढं. खाली चिखल. उभ्यानं काही दिसेना. बसूनही दिसेना.

"आजी, अहो काय करताय? साडी!"

केशरबाई चिखलात आडवी झाली होती. गाल जमिनीला टेकवून तिनं भोकातून आत पाहिलं. पाटाचं पाणी सरळ डोळ्यांसमोर धावत येत होतं. त्यात लाल अंगं हलत होती, शेपट्या मारत होती, एकामागून एक पळत होती. वरून पाहिलेली पानं ती हीच, पण इथून कुणीही शपथेवर मासेच म्हटलं असतं.

आई थापा मारत नव्हती. आईनं पाहिलं होतं, इथंच, याच घाणीत तोंड घालून.

वृषालीनं हात देऊन तिला उठवलं आणि येडशीला फोन लावला. केशरबाईच्या गालाला चिखल तसाच होता.

"आक्का, मासं खरं हायत," ती म्हणाली. "लाल. म्या बघितलं. आई खरंच सांगत व्हती."

पलीकडे कडूबाई लहान मुलीसारखी हसली. "म्या म्हनत न्हवते? म्हनत न्हवते व्हय?" मग तिनं विचारलं, "पर केशर, भित लई उंच व्हती की गं. आईनं बघितलं तरी कसं?"

केशरबाईनं मोरीकडे पाहिलं. मग पदरानं गाल पुसला.

"मागलं दार उघडं ऱ्हायलं आसंल," ती म्हणाली. "उभं ऱ्हाऊन बघितलं, आक्का. ताठ उभं ऱ्हाऊन."