पँथरची तोफ शर्मनच्या तोंडी

बाईंच्या घरात दुसरं महायुद्ध तीस वर्षं चाललं, तेही फक्त रविवारी सकाळी, दहा ते एक. एका बाजूला त्यांचा नवरा, पेशाने घड्याळजी. दुसऱ्या बाजूला त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, बसचा निवृत्त ड्रायव्हर. नवऱ्याचा जीव अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यावर, दादाचा जर्मनांच्या पँथरवर. दोघांनी चिमटे-कानशी घेऊन जोडलेली वीतभर मॉडेलं बैठकीतल्या काचेच्या कपाटात शेजारी-शेजारी उभी असायची. कोणाचं चिलखत जाड, कोणाची तोफ लांब, कोण किती धावतो, यावर वह्या उघडून हमरीतुमरी चालायची. बाईंनी शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं, पण त्यांनी मध्ये तोंड घातलं की दोघं शत्रू एका सुरात म्हणायचे, "तुला नाही कळायचं त्यातलं." मग त्या चहा टाकायला उठायच्या. कान मात्र बैठकीतच ठेवून जायच्या.

आठ महिन्यांपूर्वी अचानक तोफा थंडावल्या. दादा यायचा बंद झाला. का, ते विचारलं तर नवरा घड्याळात डोकं घालायचा, "तुझ्या भावालाच विचार." भावाला विचारलं तर, "सोड, तुला नाही कळायचं."

आणि आता दादा शनिवारी मुलाकडे चालला होता, परदेशात, कायमचा. एवढा एकच भाऊ. त्याने नवऱ्याचं तोंडही न बघता जावं, हे बाईंना पटेना.

गुरुवारी त्या त्याच्या बॅगा भरायला गेल्या. चार स्वेटर घडी करून झाल्यावर त्यांनी पाचवा आपटला.

"दादा, आज सांगितल्याशिवाय मी इथून हलायची नाही. काय केलं यांनी?"

"काय केलं? माझ्या पँथरची तोफ उपटली आणि स्वतःच्या शर्मनला लावली! सव्वापाच मीटरची तोफ, छकुले! आणि माझ्या पँथरला शर्मनची ती आखूड नळी. कशासाठी? मला चिडवायला. वर मलाच म्हणतो, तुम्हीच केलंत, शर्मनला तुमच्या तोफेची भीक घालायला!"

बाई बॅगेवरच बसल्या.

त्यांना तो दिवस लख्ख आठवला. कपाट पुसताना फळी घसरली होती आणि दोन्ही तोफा मोडून पडल्या होत्या. त्यांनी चष्मा शोधला, तो मिळाला नाही. दोन्हींची जाडी बोटांनी चाचपली तर सारखीच लागली, कारण खऱ्या रणगाड्यांवर दोन्ही पंचाहत्तर मिलिमीटरच्याच. मग लांबी न बघता हाताला लागतील तशा चिकटवल्या, आणि कोणाला कळलंसुद्धा नाही म्हणून स्वतःवरच खूश झाल्या होत्या.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "चपला घाल."

घरी पोहोचल्यावर त्यांनी दोघांना कपाटासमोर उभं केलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.  दोघं एकदमच तुटून पडले.

"अगं, पँथरच्या तोफेला पुढे बोंड असतं!" नवरा ओरडला.

"आंधळ्यालासुद्धा कळेल!" दादाने री ओढली. "आणि आठ महिने तू गप्प?"

"मी गप्प?" आता मात्र बाईंमधली मास्तरीण जागी झाली. "आठ महिने विचारतेय दोघांना, काय झालं म्हणून! काय म्हणालात? तुला नाही कळायचं. एकाने जरी सांगितलं असतं ना, तर त्याच दिवशी मिटलं असतं. पस्तीस रविवार वाया घालवलेत. माझ्या भावाचे शेवटचे पस्तीस रविवार!"

त्यांचे डोळे भरून आले. दोघं पोरांसारखे खाली बघू लागले. मग घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने दोन्ही तोफा अलगद सोडवल्या आणि लांब तोफ दादाच्या तळहातावर ठेवली.

"पँथर घेऊन जा, दादा."

"नको, दाजी. इथेच राहू दे. तिकडे भांडायला कोण आहे मला?" दादाने नाक ओढलं आणि विषय बदलायला बहिणीकडे वळला. "बरं, तूच सांग बघू. समोरासमोर कोण जिंकेल?"

तीस वर्षांत हे त्यांना पहिल्यांदाच विचारलं गेलं होतं.

"पँथर," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण तिथवर पोहोचला तर. दीडशे किलोमीटर झाले की त्याचे चाकं फिरवणारे गिअरच मोडतात. शर्मन बिचारा रोज उठून चालतो. आणि पँथर जेमतेम सहा हजार, शर्मन पन्नास हजारांच्या घरात. भागाकार करा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आकडे तपासायला वही उघडली.

शनिवारी दादा गेला. रविवारी बरोब्बर दहाला फोन वाजला. घड्याळजी वही घेऊन धावले, "हॅलो" म्हणाले, आणि पडेल चेहऱ्याने फोन बायकोपुढे धरला.

"तुला मागतोय. म्हणतो, दीडशे किलोमीटर कुठे वाचलंस, ते आधी सांग."